दोन घरचा पाहुणा

नमस्कार, श्रोतेहो.

कोथरूडमध्ये आमच्या शेजारच्या इमारतीत एक पांढरा-पिवळा बोका आहे. दुसऱ्या मजल्यावर त्याचं नाव मन्या. तळमजल्यावरच्या काकू त्याला सोन्या म्हणतात. वॉचमन त्याला 'साहेब' म्हणतो, आणि तिन्ही हाकांना तो सारख्याच तोऱ्यानं मान वळवतो.

मालकी दुसऱ्या मजल्याची. आणला त्यांनी, लशी टोचल्या त्यांनी, ऑपरेशनचे पैसे भरले त्यांनी. पण घर कट्टर शाकाहारी. बोक्याच्या ताटलीत दूध-पोळी, सणावाराला वर साजूक तूप. काकूंकडे बुधवारी आणि रविवारी मासळी असते. बोक्याला कॅलेंडर कळत नाही, बुधवार मात्र बरोबर कळतो. मसाला लावायच्या आधी काकू एक तुकडी बाजूला काढतात, मीठसुद्धा न घालता उकडतात, आणि गार झाल्यावर बोटांनी चाचपून चाचपून काटा न् काटा काढतात. इतकं कौतुक त्यांच्या जावयाचंही होत नसावं.

आता वरच्या मजल्याची तक्रार ठरलेली: "आमचं मांजर पळवलं." मला विचाराल तर काकूंचा त्यांच्यावर उपकारच आहे. मांजर हा पुरता मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि ते मांस-मासळीतून मिळतं, पोळीतून नाही. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदयाचा स्नायू कमकुवत होतो. हृदयाशी असलेला हा संबंध 1987 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिला, आणि त्यानंतर तयार मांजरखाद्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं. दुधाचं म्हणाल, तर मोठं झाल्यावर बहुतेक मांजरांना ते धड पचतही नाही. म्हणजे मन्याचं हृदय शाबूत असेल तर त्याचं श्रेय बरंचसं सोन्याच्या बुधवारांना.

पण एक गोष्ट मला खटकते, ती म्हणजे ही दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत.

'दोन घरचा पाहुणा उपाशी' असं आपण म्हणतो ना, ते मांजराच्या बाबतीत अक्षरशः होतं. बोका दिवसभर जेवला नाही, तर वरच्यांना वाटतं खाली जेवला असेल. खालच्यांना वाटतं, आज वर काहीतरी खास असेल. आणि अंगानं भरलेलं मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते, त्यातून गंभीर आजार होतो. बोक्यांचं आणखी एक दुखणं आहे. त्यांची मूत्रनलिका अरुंद असते. तिच्यात बारीक खडे किंवा चिकट साका अडकला की लघवी तुंबते, आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. पुन्हा पुन्हा बसून कुंथतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं की रात्र असो, रविवार असो, डॉक्टर गाठायचा. एकाच घरातल्या मांजराचं हे त्याच्या शी-शूच्या ट्रेमधल्या कोरड्या मातीवरून लगेच लक्षात येतं. दोन घरच्या बोक्याची माती कोण बघणार? दोन्हीकडे ट्रे कोरडाच, आणि दोघंही निर्धास्त.

उलटंही होतं. दोन्ही घरं प्रेमळ, म्हणून एकाच महिन्यात जंताचं औषध दोनदा. किंवा एखाद्या भाटीची नसबंदी आधीच झालेली असते आणि नव्या घरचे भाबडेपणानं तिला पुन्हा ऑपरेशनला घेऊन जातात.

पूर्वीच्या वाड्यांत हे असं नव्हतं. सदाशिव पेठेतलं, शनिवार पेठेतलं मांजर वाड्याचं असे. उंदीर मारी, कौलांवर झोपे, ज्याच्या दारात वाटी असेल तिथे तोंड घाली. कुणाचं, हे कुणी विचारत नसे. पण ते लंगडलं तर नळावर पाणी भरणाऱ्या चारचौघींना दिसे. वाडे पडले, इमारती झाल्या. दारं बंद झाली आणि मांजराच्या दुखण्यावरची ती चार जणींची नजर गेली.

म्हणून काकूंना मी सुचवलं, चिठ्ठी बांधा. ओढ बसली की आपोआप सुटेल असा पट्टा मिळतो, त्यालाच कागद गुंडाळायचा. काकूंनी लिहिलं, "हा आमच्याकडे बुधवार-रविवार मासे खातो. चालेल ना?" दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "चालेल. काय खातो ते मात्र कळवू नये." पुण्यात याहून मोकळी परवानगी मिळत नाही. आता दोघींकडे एकमेकींचे नंबर आहेत, आणि लसीच्या कार्डाचा फोटो काकूंच्या फोनमध्येही आहे.

नवं मांजर दारात आलं तरी हेच करा. गुबगुबीत, माणसाळलेलं मांजर बहुधा कुणाचं तरी असतं. वॉचमनला विचारा, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका, डॉक्टरकडे नेऊन कातडीखाली मालकाचा पत्ता लावून देणारी चिप आहे का ते तपासून घ्या. कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर बहुधा नसबंदी झालेली आहे. कुणीच पुढे आलं नाही, तर खुशाल ठेवा. पुणे महापालिकेनं 2022 साली कुत्र्यांसारखा मांजरांनाही परवाना लागू केला आहे, तो काढा. आणि ठेवताना आपला आवाका बघा. फेब्रुवारी 2025 मध्ये हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या वर मांजरं निघाली, शेजारी वासानं हैराण झाले आणि महापालिकेला नोटीस काढावी लागली. सुरुवात तिथेही दयेनंच झाली असणार.

सगळ्यात जास्त मांजरं शेजाऱ्याच्या पदरात पडतात ती घर बदलताना. करार संपतो, बदली होते, टेम्पो भरतो, आणि मांजर जिन्यात राहतं. "काकू बघतील की!" काकूंना विचारलेलं नसतं. जनावराला उपाशी मरायला सोडून जाणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हे पुष्कळांना माहीतच नसतं. द्यायचंच असेल तर विचारून द्या, सोबत कार्ड द्या, आधीची दुखणी सांगा.

नेणार असाल तर नव्या घरात दोन-तीन आठवडे त्याला बाहेर सोडू नका. वाट सापडली तर ते कर्वे रस्ता ओलांडून जुन्या जिन्यात हजर होतं. निघताना जुन्या शेजाऱ्यांना नवा नंबर देऊन ठेवा, आणि सांगा की हा दिसला तर आधी दार लावून घ्या, मग आम्हाला फोन करा, आणि मग मासे द्या.

नमस्कार.