स्वालबार्डचा उन्हाळा: जिथला खिळासुद्धा उचलायचा नाही

नमस्कार मंडळी.

प्रवासाहून परत आलं की घरचे पहिला प्रश्न विचारतात, काय आणलंस? ह्या खेपेला मी रिकाम्या हातानं आले आहे, आणि आजचा व्हिडिओ त्या रिकाम्या हातांबद्दलच आहे.

झालं असं. रबरी बोटीतून आम्ही एका किनाऱ्यावर उतरलो. अंगाला झोंबणारा वारा, काळपट वाळू, आणि माझ्या बुटाशी एक गंजका खिळा. बोटभर लांबीचा, चौकोनी अंगाचा. मी सवयीनं वाकले. दहा पावलांवरून आमच्या गाइडचा आवाज आला, "तो तिथंच राहू दे."

स्वालबार्डमध्ये १९४६ च्या आधीची माणसाची प्रत्येक खूण कायद्यानं आपोआप संरक्षित आहे. किल्ला किंवा राजवाडा असायची गरज नाही. खिळा, फुटकी बाटली, कुजलेली फळी, सगळं त्यात आलं. पडकी झोपडी असेल, थडगं असेल, तर त्याच्या भोवतालची १०० मीटर जमीनसुद्धा.

[पडद्यावर नकाशा]

आता हे आहे कुठं, ते बघू. नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या उत्तरेला, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, ७४ ते ८१ अंश अक्षांशांमधली ही बेटं. साधारण ६० टक्के जमीन हिमनद्यांखाली. मुख्य गाव लाँगयरब्येन, ओस्लोहून विमानानं तीनेक तास. तिथून ध्रुव उरतो अंदाजे १३०० किलोमीटरवर. साधारण २० एप्रिलपासून २२ ऑगस्टपर्यंत सूर्य मावळतच नाही. रात्री दोन वाजता खिडकीत लख्ख ऊन, आणि आपण डोळ्यांवर रुमाल बांधून झोप येण्याची वाट बघतोय, असे ते दिवस.

गावात एक गोष्ट बघून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. हॉटेलात, म्युझियममध्ये शिरताना बूट दाराशी काढायचे. ही खाणकामगारांची जुनी रीत. कोळशाची काजळी घरात यायला नको म्हणून सुरू झाली, आणि टिकून राहिली. १९०६ मध्ये जॉन मन्रो लाँगयर ह्या अमेरिकन उद्योजकानं कोळशासाठी हे गाव वसवलं, म्हणून हे लाँगयरचं गाव. शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली.

आणि हो, "ह्या गावात मरायला बंदी आहे" असं जे मोबाइलवर फिरत असतं, ते खोटं आहे. असा कायदा नाही. खरी गोष्ट जमिनीची आहे. इथली माती बारमाही गोठलेली असते, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. वरचा थर उन्हाळ्यात सुटतो, हिवाळ्यात पुन्हा गोठतो, आणि ह्या चढउतारात पुरलेली वस्तू हळूहळू वर ढकलली जाते. शवपेट्यासुद्धा. म्हणून तिथं शवपेटीत दफन करत नाहीत. ही एक गोष्ट डोक्यात ठेवा: इथली जमीन पुरलेलं कुजू देत नाही, आणि पोटातही ठेवत नाही. पुढचं सगळं त्यावरच आहे.

गावाची हद्द संपली की अस्वलांचा मुलूख. गाइड आधी एकटे उतरतात, दुर्बिणीतून टेकड्या, दगडांचे आडोसे, बर्फाच्या कडा बघून घेतात. पाठीला रायफल, कमरेला फ्लेअर गन, म्हणजे आवाज-उजेडानं अस्वलाला घाबरवून पळवायची बंदूक. त्यांनी हात केला की मग आपण. एका सकाळी आमचे बूट-जॅकेट चढवून झाले होते, आणि धुकं उतरलं. दोनशे मीटरवरचं दिसेना. उतरणं रद्द. बोटीवर बरीच कुरकुर झाली, इतके पैसे भरून काय उपयोग वगैरे. मला गाइडचं मनापासून पटलं. २०१८ च्या जुलैमध्ये उत्तरेकडच्या एका बेटावर क्रूझच्या प्रवाशांसाठी किनारा तपासायला उतरलेल्या रक्षकावर अस्वलानं हल्ला केला. रक्षक जखमी झाला, आणि अस्वलाला गोळी घातली गेली. अस्वल त्याच्या घरात होतं. आपण तिथं उतरलो नसतो, तर ते जगलं असतं.

२०२५ पासून नियम आणखी कडक झाले आहेत. अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, आणि मार्च ते जून ५०० मीटर. संरक्षित भागात जाणाऱ्या जहाजावर २०० पेक्षा जास्त प्रवासी चालत नाहीत, आणि उतरायचं ते ठरवून दिलेल्या ४३ ठिकाणीच. म्हणजे अस्वल दिसलंच, तर बहुतेक वेळा पिवळसर ठिपक्याएवढं दिसणार. ते मान्य असेल तरच जा. फक्त अस्वलाच्या फोटोसाठी जाऊ नका, पायाखाली बघायला जा.

[पडद्यावर स्मेरेनबर्गचा किनारा]

पायाखाली म्हणजे काय, ते सांगते. १५९६ मध्ये विलेम बारेंट्स हा डच खलाशी उत्तरेकडून आशियात, म्हणजे आपल्या दिशेला यायची वाट शोधत होता. वाट सापडली नाही, ही बेटं सापडली. टोकदार डोंगर बघून नाव दिलं स्पिट्सबर्गन. मागोमाग बातमी पसरली की इथल्या खाड्यांमध्ये देवमासे आहेत. बोहेड जातीचे, संथ पोहणारे, अंगावर चरबीचा जाड थर. युरोपाला दिव्यासाठी तेल हवं होतं, साबणासाठी हवं होतं. १६२० च्या आसपास डचांनी इथल्याच ॲम्स्टरडॅम नावाच्या बेटावर स्मेरेनबर्ग उभारलं. नावाचा अर्थच चरबीचं गाव. देवमासा किनाऱ्यावर ओढायचा, चरबीच्या लाद्या कापायच्या, विटांच्या भट्टीवर मोठमोठ्या काहिलींत कढवायच्या. आपल्याकडे गुऱ्हाळात रस आटवतात ना, तशी मांडणी डोळ्यांपुढे आणा, फक्त वास चरबीचा.

नंतरच्या काळात लोकांनी ह्या गावाबद्दल भरमसाट सांगितलं. हजारोंची वस्ती, दुकानं, चर्च. पुरातत्त्वज्ञांनी खोदून बघितलं तेव्हा कळलं की ऐन भरातसुद्धा तिथं उन्हाळ्यापुरती दोनशेच्या आतबाहेर माणसं असावीत.

आज तिथं काय दिसतं? वाळूत कडी. गोल, काळी, दगडासारखी घट्ट. मी कड्याबाहेर उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिले. काहिलीतून उतू गेलेली चरबी वाळूत आणि खड्यांत मुरली आणि तिचं सिमेंट झालं. चारशे वर्षांपूर्वीचं ओघळणं जसंच्या तसं. एका खड्याभोवती ते वळसा घालून गेलेलंसुद्धा दिसतं. शेवाळ वाढलंय, पण फक्त कड्याच्या कडेला, कारण तिथं अजून पोषण आहे.

काही दशकांत खाड्या रिकाम्या झाल्या. देवमासे संपले, गाव संपलं, शिकार खुल्या समुद्रात सरकली. बोहेड दोनशे वर्षांहून जास्त जगू शकतो. म्हणजे स्मेरेनबर्ग आणि आपण ह्यांच्यामध्ये दोन देवमाशांची आयुष्यं मावतात. तरी त्या समुद्रात ते आजही मोजकेच आहेत.

आणि ती माणसं? ह्या किनाऱ्यांवर शेकडो थडगी आहेत. १९८० मध्ये डच संशोधकांनी जवळच्या एका ठिकाणची थडगी उघडली. हाडांबरोबर निघाल्या लोकरी टोप्या, थंडीनं जपलेल्या. त्या आता ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. प्रत्येक टोपीचे पट्टे वेगळे, रंग वेगळे. कारण कामावर माणूस इतका गुंडाळलेला असायचा की चेहरा दिसायचाच नाही. कोण कुठला, ते टोपीवरून ओळखायचे. आणि पुरतानाही टोपी डोक्यावर राहू दिली. त्या थडग्यांच्या रांगेपासून लांब उभी असताना मला हेच आठवत होतं.

आता जे जिवंत आहे, त्याबद्दल. इथं झाड नाही, असं लोक म्हणतात. आहे! ध्रुवीय विलो. आपल्याकडच्या नदीकाठच्या वाळुंजाच्याच कुळातला. फक्त उंची बोटाच्या पेरांत मोजायची. खोड जमिनीत, वर नखाएवढी गोल पानं. गाइडनी सांगितलं नसतं तर मी जंगलावर पाय दिला असता, आणि मला कळलंही नसतं.

आर्क्टिक टर्न नावाचा पक्षी, आपल्या सुरयचा भाऊबंद, दरवर्षी अंटार्क्टिकाच्या समुद्रापासून इथपर्यंत येतो आणि उघड्या खड्यांवर अंडी घालतो. जवळ गेलात तर सरळ टाळूवर चोच. तेव्हा हात डोक्यावर उंच धरायचा आणि चटकन मागं फिरायचं. चूक आपली असते, आपण त्याच्या घरट्याशी गेलेलो असतो.

वॉलरस, म्हणजे लांब सुळ्यांचे अवाढव्य समुद्री प्राणी, मात्र मन हलकं करून जातात. तीनशे वर्षांच्या शिकारीनंतर जवळजवळ नामशेष झाले होते. १९५२ मध्ये संरक्षण मिळालं, आणि आज काही हजार आहेत. वाळूत एकमेकांवर रेललेले, एकानं कूस बदलली की सगळ्या रांगेची कुरकुर. वास तुम्हाला ते दिसायच्या आधी येतो.

[पडद्यावर नी-ओलेसुंड]

नी-ओलेसुंड ह्या संशोधकांच्या गावी पोचताना सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर. ब्लूटूथसुद्धा बंद. तिथली रेडिओ दुर्बीण फार दूरवरचे क्षीण संकेत ऐकते, म्हणून आजूबाजूचे २० किलोमीटर शांत ठेवतात. हेही पूर्वी खाणीचं गाव होतं. १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले, खाण बंद झाली, आणि त्या दुर्घटनेवरून पुढच्या वर्षी नॉर्वेचं सरकार पडलं. गावाबाहेर हवाई जहाज बांधून ठेवायचा लोखंडी मनोरा आहे. १९२६ च्या मे महिन्यात आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले ह्या ध्रुव-संशोधकांचं 'नॉर्गे' हे हवाई जहाज, म्हणजे वायू भरलेला अवाढव्य फुगा, इथूनच सुटलं आणि ध्रुवावरून अलास्काला गेलं. दोन वर्षांनी नोबिले दुसऱ्या मोहिमेत अडकला, तेव्हा त्याला शोधायला निघालेला आमुंडसेन परत आलाच नाही. त्या दोघांचं भांडण झालेलं होतं. तरी तो निघाला.

आणि ह्याच गावात आपलं 'हिमाद्री' आहे. भारताचं संशोधन केंद्र, १ जुलै २००८ ला सुरू झालं. ते चालतं कुठून? गोव्यातून! वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. समोरच्या खाडीत २०१४ पासून भारताची उपकरणंही पाण्याखाली आहेत. तिथल्या बदलांचा आपल्या पावसाशी काय संबंध, हाही त्या अभ्यासाचा भाग आहे.

जाणार असाल तर थोडक्यात ऐका. पक्षी बघायचे असतील तर जुलै. व्हिसाची मेख नीट समजून घ्या: स्वालबार्डला स्वतःला व्हिसा लागत नाही, पण जायचं नॉर्वेमधून, आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. म्हणजे परत येताना तुमचा शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश होतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेतलात तर अडकाल. जहाज जितकं लहान तितकं चांगलं. शाकाहारी असाल तर आधी कळवा. आणि कपड्यांचे खिसे, बुटांचे तळ घरीच झटकून घासून न्या. आपल्याकडचं एखादं बी तिथं पडायला नको.

शेवटचं उतरणं नी-ओलेसुंडसमोरच्या ब्लोमस्ट्रांडहाल्वोयावर होतं. १९११ च्या सुमारास अर्नेस्ट मॅन्सफिल्ड ह्या इंग्रजाला इथं संगमरवर दिसला. यंत्रं आणली, बॉयलर आणले, घरं बांधली. पण युगानुयुगांच्या गोठण्यानं तो दगड आतून तडकलेला होता. तुकडे पडू लागले, धंदा बुडाला. बॉयलर अजून तिथंच गंजत उभे आहेत, आणि मधूनमधून रेनडियर चरतात.

ह्या ठिकाणाच्या नावातल्या 'हाल्वोया'चा अर्थ नॉर्वेजियनमध्ये द्वीपकल्प. नाव ठेवलं तेव्हा मागची हिमनदी त्याला जमिनीशी जोडून होती. गेल्या शतकाच्या अखेरीस हिमनदी इतकी मागं हटली की मध्ये पाणी निघालं. परतताना गाइडनी बोट तिकडून घेतली. गुडघ्यावर जुना नकाशा उघडला, त्यावरच्या पांढऱ्या भागावर बोट ठेवलं, आणि इंजिन बंद केलं. आम्ही त्या पांढऱ्या भागात तरंगत होतो. आजूबाजूला बर्फाचे तुकडे वितळत होते, आणि त्यांच्यात कोंडलेली जुनी हवा तडतड आवाज करत बाहेर पडत होती.