तळ्याचं पाणी दुपारी तपासा

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. करवीर, कागल, शिरोळ भागात शेततळ्यात रोहू, कटला सोडणाऱ्या आणि टाकीत बायोफ्लॉकवर, म्हणजे पाण्यात जिवाणूंचे पुंजके वाढवून, तिलापिया पाळणाऱ्या सगळ्यांशी आज पाण्यातल्या अमोनियाबद्दल बोलायचं आहे.

खाद्यातल्या प्रथिनांमधला बराचसा नत्र मासा कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून पाण्यात सोडतो. तळाशी कुजणारी पेंड त्यात भर घालते. पाण्यात अमोनिया साठला की माशाच्या अंगातला बाहेर पडत नाही. कल्ल्याच्या पाकळ्या सुजतात, जाड होतात, चिकट होतात. मग पाण्यात प्राणवायू असूनही रक्तात पुरेसा उतरत नाही. मासा खाद्य सोडतो, वाढ खुंटते, एरवी सहज झेपला असता असा रोगही त्याला भोवतो.

पाणी तपासायच्या किटवर दिसतो तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग सामू (पाण्याचा पीएच) आणि तापमान ठरवतात. पाणी २५ अंशांवर असताना सामू ७ असेल, तर विषारी भाग एक टक्काही नसतो. सामू ८ झाला की साधारण ५ टक्के होतो, आणि ९ ला थेट ३५ टक्क्यांच्या वर जातो! हिरव्या पाण्यातलं शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळं दुपारी सामू चढतो. सकाळी निर्धोक वाटलेला आकडा दुपारी जीवघेणा ठरतो तो असा. म्हणून अमोनिया आणि सामू दोन्ही दुपारी तीनच्या सुमारास तपासा.

मासे पहाटे वर येऊन तोंड मारत असतील आणि ऊन चढल्यावर खाली जात असतील, तर बहुधा प्राणवायू कमी आहे. भर दुपारी, एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू असतानाही धापा टाकत असतील, तर अमोनियाचा संशय घ्या. खाद्य लगेच बंद करा. दोन दिवसांच्या उपासानं मोठा मासा मरत नाही. थोडं पाणी काढून ताजं सोडा.

आणि कळकळीनं सांगतो, अशा वेळी चुना टाकू नका. चुन्यानं सामू आणखी चढतो आणि आहे तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

बायोफ्लॉकवाल्यांना आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गुळाचा तोटा नाही. गुळावर वाढणारे जिवाणू अमोनिया खाऊन टाकतात, पण ते प्राणवायूही भराभर ओढतात. तेव्हा वीज जायची वेळ असेल, तर टाकीत गूळ घालण्याआधी जनरेटर सुरू होतो का, ते बघून घ्या.