नुसते पत्रे टाकले तरी परवानगी?

नमस्कार. नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीतल्या बैठ्या घरांत आणि रो-हाऊसमध्ये राहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेकदा हाच असतो: ‘भिंत कुठे बांधतोय? चार खांब उभे करून वर पत्रे टाकतोय. त्याला कसली परवानगी?’ तिथूनच सुरुवात करू.

राज्याच्या बांधकाम नियमावलीत इमारत म्हणजे कोणत्याही सामग्रीची, कोणत्याही कामासाठी उभारलेली रचना. माणूस तिथे राहो वा न राहो. म्हणजे विटा की पत्रा, याने काहीच ठरत नाही. नगररचना अधिनियम १९६६ मधली ‘विकास’ची व्याख्याही तेवढीच रुंद आहे. जमिनीत, जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेलं बांधकाम, इमारतीतला ठळक बदल आणि वापरातला ठळक बदल, हे सगळं तिच्यात येतं. समोरच्या खोलीत दुकान काढलंत, तर एक वीटही न हलवता परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

याच अधिनियमाचं कलम ४३ सूट देतं ती देखभालीला आणि बाहेरच्या रूपात ठळक फरक न पडणाऱ्या फेरफाराला. गिलावा, रंग, फरशी बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, जुन्या उंचीवर तशाच सामानाचं छप्पर पुन्हा घालणं यांत अडचण नाही. पण छप्पर बदलताना उंची दोन फूट वाढवून खाली माळा काढला, की ती दुरुस्ती राहत नाही. आतली भिंत काढायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. भिंतीवर भार असेल तर तडे तुमच्याकडेच नाही, सामायिक भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याकडेही जातात. गच्चीवर पावसाळ्यापुरतं आच्छादन टाकायचं तरी ते तात्पुरतं बांधकाम ठरतं आणि त्याचीही परवानगी घ्यावी लागते. पाऊस संपल्यावर ते काढायचं असतं. ते काढलं जात नाही, दिवाळीपर्यंत त्याला खिडक्या बसतात, आणि मग तक्रार होते.

खरा घोळ मोकळ्या जागेत होतो. घर आणि कुंपण यांच्यामधली जागा रिकामी ठेवण्यामागे कारणं आहेत: उजेड, वारा, आग लागली तर पोहोचायला वाट आणि मलनिस्सारणाचे चेंबर. त्यावर स्वयंपाकघर वाढवलं की चेंबर फरशीखाली जातो. तो तुंबला की उघडायला जागाच उरत नाही, आणि पाणी उलटं घरात येतं. छज्ज्याला या जागेत ०.७५ मीटरपर्यंत बाहेर येण्याची मुभा असते. पण छज्ज्याच्या टोकाखाली भिंत उभी केली की ती खोली झाली.

कंपाउंडच्या भिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून मोजून १.५ मीटरपर्यंत. २.४ मीटर हवी असेल तर वरचा ०.९ मीटर भाग जाळीदार, आरपार दिसणारा हवा. कोपऱ्याच्या भूखंडावर नियम आणखी कडक आहे, कारण वळणाऱ्या गाडीला पलीकडचं दिसलं पाहिजे.

परवानगी काढायची तर आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत. भूखंड सिडकोचा, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा, असेल तर भाडेपट्ट्याचा करार आधी वाचा. जमीन भाडेपट्ट्याची आहे, त्यामुळे सिडकोच्या अटी महापालिकेच्या मंजुरीवेगळ्या तपासाव्या लागतात. गृहनिर्माण संस्था असेल तर तिचं ना-हरकत पत्र घ्या. मूळ मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला शोधून ठेवा, कारण नवा नकाशा त्यावरच बेतायचा असतो. त्यात नवं काम लाल भरून दाखवतात, पाडायचा भाग पिवळ्या तिरप्या रेषांनी. आधीच केलेलं जादा काम नकाशात लपवू नका. पाहणीत ते दिसतंच.

राज्याच्या डिसेंबर २०२०च्या एकत्रित नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या भूखंडांसाठी सोपी वाट आहे. तिचा अर्थ ‘परवानगी नको’ असा पसरला, तो चूक. तिथेही तंत्रज्ञाच्या सहीचा नकाशा आणि शुल्क भरून पोच घ्यावीच लागते, आणि नकाशा नियमांत बसवण्याची जबाबदारी त्या सहीवर येते. एफएसआयची, म्हणजे भूखंडाच्या मानाने किती बांधता येतं त्याची, मोजणी आता बांधकामाच्या बाहेरच्या रेषेवरून होते, बाल्कनीसुद्धा त्यात धरतात. उरलेला एफएसआय किती, हे पहिल्याच बैठकीत विचारा.

ठाण्यात येऊरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे, तर खाडीकाठी किनारा नियमन क्षेत्र. तिथे या मंजुरीआधी आणखी तपासणी येते.

आता मालमत्ता कराबद्दल, कारण याचा गैरसमज फार खोल आहे. बेकायदा खोलीवरही कर आणि शास्ती लागते. ती पावती फाईलमध्ये जपून ठेवणारे पुष्कळ आहेत, पण कर भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. महापालिका कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. विनापरवाना कामाला नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे किमान एक महिना, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दंड, शिवाय कलम ५३ ची पाडण्याची नोटीस. ती आली तर घाईने भिंत लपवू नका. नोटिशीत दिलेली मुदत वाचा आणि त्याच दिवशी आर्किटेक्टकडून मापं घ्या. नियमात बसणारा भाग असेल तर मुदतीच्या आत त्यासाठी अर्ज करा. न बसणारा स्वतः, व्यवस्थित आधार लावून उतरवा.