दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती

[दृश्य: फाट्यावर थांबलेली एसटी. पाठीवर सॅक अडकवून उतरणारी मुलंमुली. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढं सोयाबीन.]

जुलै सरत येतो तेव्हा पेरण्या उरकलेल्या असतात आणि मराठवाड्यातल्या कॉलेजांमध्ये प्रवेशाची गर्दी उसळलेली असते. फर्स्ट इयरला आलेल्या लेकराच्या हातात एक फाइल असते. टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बारावीचा मेमो म्हणजे गुणपत्रिका, आधारची झेरॉक्स. या फाइलपायी घरातल्या कुणीतरी मजुरी बुडवून तहसीलला चकरा मारलेल्या असतात. मग महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, कॉलेजच्या लॉगिनमधून तो समाजकल्याण खात्याकडे सरकतो, आणि पुष्कळ वाट पाहिल्यावर मोबाईलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो. घरच्यांना वाटतं, चला, पोराच्या शिक्षणाचं भागलं.

भागलेलं असतं एका वर्षाचं. पुढच्या वर्षी अर्ज पुन्हा करायचा असतो. त्याला रिन्युअल म्हणतात, म्हणजे नूतनीकरण. पहिल्या अर्जात तुमची जात, उत्पन्न आणि रहिवास तपासतात. रिन्युअलला त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते: मागच्या वर्षाचा निकाल आणि हजेरी. जाहिरातीत, गावातल्या फलकावर, पुढाऱ्यांच्या भाषणात योजनेचं नाव असतं, रक्कम असते. शिष्यवृत्ती पुढे चालू कशी ठेवायची, हे तिथे कुणीच सांगत नाही. हा व्हिडिओ त्यासाठी आहे.

[दृश्य: नागसेनवन, छत्रपती संभाजीनगर. मिलिंद महाविद्यालयाची दगडी इमारत.]

अनुसूचित जातींच्या मुलांना मॅट्रिकनंतर शिकायला सरकारने पैसे द्यावेत, ही योजना 1944 साली सुरू झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. 1950 मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच हे मिलिंद. त्या काळी मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. मराठवाडा विद्यापीठ 1958 साली झालं, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 साली. हळूहळू तालुक्याच्या गावीही कॉलेजं आली.

कॉलेज जवळ आलं म्हणून शेतमजुराचं पोरगं घरी राहून शिकू लागलं. मोठीच गोष्ट झाली ती. पण जे घरी राहतं त्याला घरचं काम चुकत नाही. हजेरीचा घोटाळा इथूनच सुरू होतो.

[दृश्य: वर्गातली हजेरी वही. एकाच रांगेवरून पुढे सरकणारं बोट. प, प, गै, गै, गै.]

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला 75 टक्के हजेरी लागते. ऐकायला सोपं वाटतं. आता एका सत्राचा हिशेब मांडून बघू.

सत्रात साधारण 90 दिवस शिकवणं व्हावं, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा दंडक आहे. त्याचे 75 टक्के म्हणजे 68 दिवस वर्गात बसायला हवं. हाताशी उरतात 22. महालक्ष्म्यांना लागून पुढे-मागे चार दिवस गेले. सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन काढणीला येतं. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि वर आभाळ भरून आलेलं. वाळलेल्या शेंगा पावसात सापडल्या तर वर्षाची कमाई पाण्यात. अशा वेळी कॉलेजला जातो म्हणणाऱ्या मुलाला बाप काय सांगणार? बारा दिवस तिथे जातात. मध्ये डेंग्यू नाहीतर साधा ताप, पाच दिवस. झाले एकवीस. शिल्लक एक दिवस, आणि कापूस वेचायला आलेलाच असतो.

या मुलाने उनाडक्या केलेल्या नाहीत. तो सिनेमाला गेला नाही की टपरीवर बसला नाही. तरी वहीत त्याच्या नावापुढे जो 'गै' पडतो तो टपरीवर बसणाऱ्याच्या 'गै' सारखाच दिसतो. त्यात अनेक कॉलेजांत हजेरी दिवसावर न मोजता तासांवर मोजतात. सकाळची पहिली एसटी चुकली की पहिला तास जातो, आणि तो एकाच विषयाचा असेल तर त्या विषयात मूल मागे पडतं. एकूण टक्केवारी बरी असूनही एखाद्या विषयात अडकलेली मुलं तुम्हाला प्रत्येक कॉलेजात भेटतील.

[दृश्य: बीड जिल्ह्यातला रस्ता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार बांधलेला. वर बसलेली बायामाणसं.]

बीडकडे हा हिशेब आणखी अवघड होतो. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. दिवाळीच्या पुढेमागे टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि साखर कारखान्यांचे पट्टे पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परतायचं नाव नाही. कॉलेजात जाणारा मुलगा एक तर आईबापाबरोबर फडावर जातो, नाहीतर मागे राहून म्हातारी, धाकटी भावंडं आणि जनावरं सांभाळतो. दुसरं सत्र सगळं याच काळात येतं. मुलगी असेल तर स्वयंपाकपाणीही तिच्यावरच. माझं ठाम मत आहे की हजेरीचा नियम असायलाच हवा, नाहीतर नुसता प्रवेश घेऊन पैसे उचलणारेही असतात. पण ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या कॉलेजाने नोव्हेंबर लागायच्या आत या मुलांची वेगळी यादी करून त्यांच्याशी बोलायला हवं. टोळी कधी निघते ते गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. कॉलेजालाही असायला हरकत नाही.

[दृश्य: नेट कॅफे. स्क्रीनवर निकाल. एका विषयासमोर 'नापास'.]

आता निकालाकडे येऊ. गावोगाव एक समज घट्ट बसलेला आहे: विषय राहिला की शिष्यवृत्ती गेली. कुणीतरी कुणाच्या तरी भावाचं उदाहरण सांगतं आणि ते खरं धरलं जातं. मूल ऑगस्टमध्ये कॉलेजला फिरकतच नाही. पुण्याला कंपनीत लागतं, नाहीतर वाळूजला. या समजापायी जेवढं शिक्षण सुटतं, तेवढं मूळ नियमामुळे सुटत नसावं असं मला वाटतं.

नियम काय म्हणतो ते नीट ऐका. शिष्यवृत्ती पुढे चालू राहायला विद्यार्थी वरच्या वर्गात जावा लागतो. विद्यापीठाच्या नियमाने एखादा विषय मागे ठेवून वरच्या वर्गात प्रवेश मिळत असेल, म्हणजे एटीकेटी लागली असेल, तर तो वरच्या वर्गात गेला असंच धरलं जातं. बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील तर त्या वर्गाची शिष्यवृत्ती त्याला मागता येते. एटीकेटीचा मेमो घेऊन घरी तोंड लपवून बसायचं काहीच कारण नाही. तोच मेमो घेऊन रिन्युअल भरायचं.

आणि सगळंच वर्ष गेलं तर? अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एखाद्या वर्गात पहिल्यांदा नापास होणाऱ्याला सवलत मिळू शकते. त्याच वर्गात दुसऱ्यांदा नापास झाला, तर मात्र वरच्या वर्गात जाईपर्यंत खर्च स्वतःचा. म्हणजे तेव्हाही दार कायमचं लागत नाही, वरचा वर्ग गाठला की ते पुन्हा उघडतं. इतर मागासवर्ग, भटक्या जमाती, आदिवासी यांच्या योजनांत नापासाचे नियम याहून वेगळे असू शकतात, म्हणून शेजारच्या मित्राला जे मिळालं ते आपल्यालाही मिळेल असं धरून चालू नका. आपल्या योजनेचं नाव सांगून विचारा.

आणखी एक तरतूद आहे, आणि ती मला या सगळ्यात जास्त माणुसकीची वाटते. आजारपणामुळे किंवा अचानक कोसळलेल्या संकटामुळे विद्यार्थी वार्षिक परीक्षेला बसूच शकला नाही, तर वैद्यकीय दाखला किंवा तसाच पुरावा घेऊन प्राचार्यांकडे जाता येतं. हा विद्यार्थी परीक्षेला बसला असता तर पास झाला असता, असं प्राचार्यांनी लिहून दिलं, की पुढच्या वर्षासाठी त्याची शिष्यवृत्ती चालू ठेवता येते. प्राचार्यांच्या त्या एका ओळीवर लेकराचं अख्खं वर्ष तरून जाऊ शकतं. पण ती ओळ लिहायला प्राचार्यांनी त्या मुलाला ओळखायला हवं, आणि मुलाने दवाखान्याचे कागद जपून ठेवायला हवेत. आपल्याकडे डिस्चार्ज कार्ड घरी येतं आणि चुलीजवळच्या कोनाड्यात काळं पडतं.

[दृश्य: शिष्यवृत्ती विभागाची खिडकी. काचेवर चिकटवलेल्या सूचना, एकावर एक.]

प्रत्येक योजनेची अट निराळी असते. बारावीला वरच्या 20 टक्क्यांत येणाऱ्यांना केंद्राची एक शिष्यवृत्ती मिळू शकते, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला 12,000 रुपये. तिथे नुसतं पास होऊन भागत नाही. दरवर्षी 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी, दोन्ही लागतं. लातूर-नांदेडच्या क्लासेसमधून घासून तयार झालेली, बारावीला भरघोस गुण मिळवलेली मुलं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी गणितात आणि इंग्रजीत गडबडतात. 48 टक्के पडले तरी पास झालो म्हणून पेढे वाटतात, आणि शिष्यवृत्ती तिकडे थांबलेली असते.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे. तिथे आधीच्या सत्रात 50 टक्के हजेरी बघतात, आणि शिक्षणात दोन वर्षांचा खंड पडला तर लाभ जातो. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. तिच्यात खोलीभाडं आणि जेवणाचे पैसे मिळतात, पण तिथेही गुणांची आणि हजेरीची अट आहेच.

मुलींचं म्हणाल, तर 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने इतर मागासवर्ग, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) यांमधल्या 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मुलींचं शिक्षण फुकट, असं बाप मंडळी पारावर बोलतात. बोलू द्या, त्या बोलण्यामुळे काही मुलींची लग्नं दोन वर्षं पुढे ढकलली गेली तर चांगलंच आहे. पण तिला दरवर्षी अर्ज करावा लागतो हे त्या बापालाही माहीत असू द्या. माहेरी-सासरी जाण्याच्या गडबडीत अर्जाची मुदत गेली तर फी घरावर येते, आणि फी घरावर आली की पहिल्यांदा मुलीचंच शिक्षण थांबतं.

[दृश्य: खिडकीच्या आतून. क्लार्कच्या टेबलावर फाइलींचा ढीग, बाजूला उघडलेला संगणक.]

अर्ज भरून झाल्यावरही दर आठवड्याला लॉगिन उघडून पाहायला हवं. कागद अस्पष्ट आहे, मेमो चुकीच्या सत्राचा जोडलाय, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली, अशा कारणांनी अर्ज 'सेंड बॅक' होतो. मोबाईलचा रिचार्ज संपलेला असतो, मेसेज पोहोचत नाही, आणि अर्ज तसाच पडून राहतो. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडतात. राहिलेला विषय नंतर सुटला तर नवा मेमो लगेच कॉलेजात नेऊन द्या, नाहीतर जुन्या नोंदीवर तुमचं नाव मागेच राहील.

खिडकीपलीकडचा क्लार्क अनेकदा वैतागलेला असतो. शेकडो अर्ज त्याच्या एकट्याच्या लॉगिनवर असतात आणि सर्व्हर दुपारी झोपतो. तरी त्याला एक प्रश्न विचारायचाच: "सर, माझी हजेरी आत्ता किती आहे?" परीक्षेचा फॉर्म भरताना हे विचारून उपयोग नाही. विचारायचं ते सत्राच्या मध्यावर, सोयाबीन काढायला जाण्याआधी. आणि काढणीवरून परत आल्यावर ज्या विषयाचे तास बुडाले त्या सरांना भेटून सांगायचं, की शेतात होतो. बरेच शिक्षक शेतकऱ्याच्याच घरातून आलेले आहेत. जादा तास, प्रात्यक्षिकं, स्वाध्याय यातून कुठे काही भरून निघतं का, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

[दृश्य: कॉलेजचा सूचना फलक. हजेरी कमी असलेल्यांची यादी. समोर उभी राहून आपलं नाव शोधणारी मुलगी.]

ही यादी कॉलेजं लावतात, पण लावतात कधी? पुष्कळ ठिकाणी ती सत्र संपताना, परीक्षेच्या तोंडावर लागते. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आमचं प्रत्येक प्राचार्यांना हात जोडून सांगणं आहे. पहिली यादी गणपती उठल्यावर लावा, दुसरी दिवाळीच्या सुट्टीआधी. नुसती लावूनही थांबू नका. यादीतल्या घरांना फोन करा, आणि फोनवर शिष्यवृत्तीचा उल्लेख करा. तुमच्या मुलाचे आणखी इतके तास बुडाले तर इतके रुपये थांबतील, असं आईबापाला आकड्यात सांगा. शेत सोडून पोराला एसटीत बसवायचं की नाही हे त्यांना ठरवायचंय, आणि ते ठरवायला हा आकडा त्यांच्याकडे वेळेत पोहोचायला हवा.