गुडघ्यात ‘कट्ट’ वाजलं की…

नमस्कार श्रोतेहो.

ऑर्थोपेडिक सर्जन म्हटलं, की लोकांना प्लास्टर, रॉड आणि म्हातारपणी बदललेले गुडघे आठवतात. एमबीबीएसची साडेपाच वर्षं आणि एमएसची ३ वर्षं, मीही मुख्यतः हेच शिकलो. खेळाडू यायला लागले तेव्हा कळलं, की यांना नुसतं चालायचं नसतं, यांना चढाई करायची असते.

कबड्डीतलाच गुडघा घ्या. चढाई करणारा आत शिरतो, पाय रोवून अंग वळवतो, तेवढ्यात मागून पकड बसते. गुडघ्यात ‘कट्ट’ वाजतं आणि तासा-दोन तासांत सांधा टम्म फुगतो. इतक्या झटपट आलेली सूज बहुतेक वेळा रक्ताची असते. एसीएल हे आतलं लिगामेंट, म्हणजे गुडघ्याची हाडं एकत्र धरून ठेवणारा पट्टा, तुटल्याची ती मोठी खूण. पण घरी होतं काय, तर तेल लावून रगडतात! काही दिवसांत सूज उतरते, पोरगा चालू लागतो, सगळे निर्धास्त. मग एखाद्या सामन्यात वळताना गुडघा निसटतो आणि आतली गादीही फाटते.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. मांडीमागचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून त्याचं नवं लिगामेंट बसवतो. तो भाग त्यामानाने सोपा. खरी हुज्जत पुढे. “डॉक्टरसाहेब, ३ महिन्यांनी सिलेक्शन हाये, जमन ना?” नाही जमत. बसवलेला टेंडन शरीरात रुजताना मधले काही महिने उलट कमजोर होतो, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. म्हणून किमान ९ महिने थांबायचं. शिवाय मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे. एका पायावर उड्या मारायला लावतो. उतरताना गुडघा आत झुकला, की परत व्यायामाला.

पोलीस भरतीवाली पोरं हे वेगळंच प्रकरण. भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८००. जाहिरात निघाली की दुसऱ्या दिवसापासून रिंग रोडच्या डांबरावर, झिजलेल्या बुटांत पळापळ सुरू. मग नडगी धरते. सगळी नडगी दुखत असेल तर बहुधा आराम आणि शेक-बर्फावर भागतं. पण बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीचे २-३ आठवडे तो एक्स-रेत दिसेलच असं नाही. तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणून गोळी खाऊन पळू नका. धावणं त्याच दिवशी थांबवा आणि दाखवायला या.