रसात बुडवलेल्या दोन तारा

(दृश्य: पहाटेची फौंड्री. भिंतींवर भट्टीचा लालसर उजेड.)

बेळगावच्या उद्यमबागेत अजून नीट उजाडलेलं नाही. भट्टीत लोखंडाचा रस तयार आहे.

"मामा, ओतू काय?"

"थांब की जरा. आधी टिप बुडव."

टिप म्हणजे लांब दांड्याला खोचलेली पुठ्ठ्याची नळी. रसात बुडवली की चार-पाच सेकंदांत भिंतीवरच्या डबीवर रसाच्या तापमानाचा आकडा येतो: १४०० अंश सेल्सिअस.

आपण त्या डबीलाच सेन्सर म्हणतो. पण खरा सेन्सर टिपेच्या टोकाशी, क्वार्ट्झच्या इवल्याशा नळीत आहे. दोन बारीक तारा. एक शुद्ध प्लॅटिनमची, दुसरी प्लॅटिनममध्ये १० टक्के ऱ्होडियम मिसळलेली. टोकाशी एकमेकींना जोडलेल्या. याला थर्मोकपल म्हणतात.

(दृश्य: टिपेचं टोक, अगदी जवळून.)

तारेचं एक टोक तापलं आणि दुसरं गार राहिलं, की तिच्यात किंचित विद्युतदाब तयार होतो. प्रत्येक धातूत तो वेगळा. म्हणून दोन वेगळ्या तारा जोडल्या की त्यांच्यातला फरक गार टोकांशी मोजता येतो. १८२१ साली थॉमस सीबेक यांनी दोन धातूंचा वेढा एका बाजूनं तापवला, तेव्हा शेजारची चुंबकसुई हलली. त्यांना वाटलं, उष्णतेनं चुंबकत्वच आलं. वेढ्यातून वीज वाहत होती, हे नंतर उमगलं.

ही वीज किती? १४०० अंशांना जेमतेम १४ मिलिव्होल्ट, म्हणजे घड्याळातल्या सेलच्या सुमारे शंभराव्या हिश्शाएवढी. एका अंशाचा फरक तर साधारण १२ मायक्रोव्होल्टचा. शेजारी विजेवरची भट्टी गरजत असताना हा इतका क्षीण आवाज ऐकायचा! म्हणून केबलला जाळीचं आवरण असतं. डबीतलं पहिलं सर्किट नको तो गोंगाट गाळतं, दुसरं उरलेला संकेत मोठा करतं, तिसरं त्याचे अंक करतं. मगच आकडा दिसतो.

एक गोष्ट मात्र फार जणांच्या लक्षात येत नाही. थर्मोकपल तापमान सांगतच नाही, गरम आणि गार टोकांतला फरक सांगतं. गार टोक ३० अंशांवर असेल आणि त्याचा हिशेब धरला नाही, तर १४०० च्या जागी साधारण १३८६ दिसतील. त्यासाठी डबीत आणखी एक छोटा सेन्सर असतो, नुसतं गार टोकाचं तापमान बघणारा. टिपेपासून डबीपर्यंतची केबलही त्याच जातीची लागते. घाईत साधी तांब्याची वायर जोडली की आकडा दिसतो, पण खोटा.

(दृश्य: खानापूर तालुका, कणकुंबीचा पाऊस.)

सगळ्याच सेन्सरना एवढी यातायात लागत नाही. मलप्रभेच्या उगमाकडचा हा पाऊस मोजायला तराजूसारख्या दोन पळ्या पुरतात. ०.२ मिलिमीटर पाऊस साचला की भरलेली पळी कलंडते, तिच्यासोबतचा चुंबक एका स्विचसमोरून जातो, एक ठोका नोंदला जातो. पाच ठोके, एक मिलिमीटर.

(दृश्य: पुन्हा फौंड्री.)

जुने कारागीर रसाचा रंग बघून ओतायचे. त्या नजरेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तोच रस उन्हात फिका आणि तिन्हीसांजेला झगझगीत दिसतो. इथं ओतायचे असतात हायड्रॉलिक व्हॉल्व्ह, म्हणजे दाबाखालच्या तेलाची वाट उघडणारे-मिटणारे भाग. त्यांच्या साच्यातल्या अरुंद वाटांत गार रस पोचायच्या आत गोठतो, फार तापलेला रस साच्याच्या वाळूला चिकटतो. दोन्ही वेळी माल भंगारात.

मामा आकडा वहीत लिहितात. जळलेली टिप काढून टाकतात. ती एकदाच चालते.

"हं, आता ओत."