जुन्या भिंतीला रंग देण्याआधी

नमस्कार श्रोते हो. पाऊस ओसरला की ठाण्यात घरोघरी रंगकामाची बोलणी सुरू होतात. दिवाळीआधी घर उजळलं पाहिजे, ही आपली रीतच आहे. आज मी बोलणार आहे ती चरई, खारकर आळी, नौपाडा, चेंदणी कोळीवाडा अशा भागांत अजून तग धरून असलेल्या जुन्या घरांबद्दल. वीट, चुना आणि सागवानाची ही घरं.

मी घरांच्या सजावटीचं काम करते. या घरांतून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते: "चांगला महागातला रंग लावला हो, तरी पावसाळ्यानंतर कमरेच्या उंचीपर्यंत पोपडे आले!" बहुतेक वेळा यात रंगाचाही दोष नसतो आणि रंगाऱ्याचाही. त्या भिंतीला तो रंग मानवतच नाही.

चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि कोरड्या दिवसांत हवेत सोडून देते. तिच्यावर सिमेंटची पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओलीची वाट बंद होते. पाण्यासोबत आलेले क्षार रंगाच्या पाठीमागे साचतात, त्यांचे स्फटिक होतात आणि ते रंगाला बाहेर ढकलतात. लोणा लागला म्हणतो आपण, तो हाच. मग पुन्हा खरवडायचं, पुन्हा पुट्टी भरायची. घरमालकाचे पैसे जातात आणि भिंत दरवर्षी थोडी थोडी खचते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण उपाय आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होता.

चुनखडी भट्टीत साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, गाळायचा, पातळ करून भिंतीवर हात मारायचा. भिंतीवर तो हवेतून तोच वायू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे सफेदी हा खरं तर दगडाचाच एक झिरझिरीत थर आहे. त्याच्या बारीक छिद्रांतून ओल ये-जा करते, आणि ताज्या चुन्याच्या दाहकपणामुळे बुरशीही सहज धरत नाही.

जुन्या घरांत ठरावीकच रंग का दिसतात, त्याचंही उत्तर इथेच आहे. चुन्यात बरेचसे वनस्पतिजन्य रंग टिकत नाहीत, उडून जातात. टिकतात ते मातीचे आणि खनिजांचे. गेरूचा तांबडा, पिवडीचा पिवळा, दोन्ही लोहाच्या संयुगांचे. आणि निळीचा निळा. पूर्वी असा झळझळीत निळा हवा तर अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून येणारं लाजवर्द, म्हणजे मौल्यवान निळा दगड, कुटावं लागे. 1820च्या दशकाअखेरीस फ्रान्समध्ये गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाने तो कृत्रिमरीत्या बनवला, आणि राजेरजवाड्यांचा रंग कपड्यांच्या निळीच्या पुडीत आला. त्यातली चिमूटभर चुन्यात टाकली की पिवळटपणा मारला जाई, मूठभर टाकली की अख्खी खोली निळी. कंदिलाच्या उजेडात पांढऱ्या भिंतींचं मोल काय असेल, ते माजघराच्या अंधारात उभं राहिल्यावरच कळतं.

चाळीतल्या खोल्यांत भिंतीचा खालचा पट्टा गडद ऑइल पेंटचा असायचा आणि वरचा भाग फिका. जमिनीवर बसून भिंतीला टेकायची सवय, त्यात डोक्याला चोपडलेलं तेल! पट्टा पुसता येई. युरोपातल्या जुन्या घरांतही भिंतीच्या खालच्या भागाला लाकडी फळ्या बसवत, कारण तिथे खुर्च्यांच्या पाठी घासत. बसण्याची पद्धत वेगळी, गरज तीच.

तुमच्या घराचा मूळ रंग कुठला होता, हे कपाटामागच्या कोपऱ्यात कळू शकतं. ओला पॉलिशपेपर घेऊन रुपयाएवढी जागा गोल गोल घासा. झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे एकेक थर दिसू लागतील: वर क्रीम, मग पोपटी डिस्टेंपर, खाली निळसर चुना. एक काळजी मात्र घ्या. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि लहान मुलांना खोलीबाहेर ठेवा.

सागवानी खांब, तुळया, कडीपाट यांवर चॉकलेटी ऑइल पेंट कृपा करून फासू नका. अळशीचं तेल पुरे.

आणि नवी मुंबईकर म्हणतील, आमच्याकडे जुनं काय? सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात ही वसाहत रचली. सात-सात घरं एका अंगणाभोवती, आणि शेजाऱ्यांची सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला जसं हवं तसं वाढवता यावं. लोकांनी ती वाढवली, हवी तशी रंगवली. त्यातली जी थोडी मूळ रूपात उरली आहेत, त्यांची चाळीस वर्षं आता जपण्याजोगी झाली आहेत. तिथल्या रहिवाशांनी रंग बदलण्याआधी निदान आतून-बाहेरून फोटो काढून ठेवावेत, ही माझी विनंती.

यंदा चुन्याचं काम काढणार असाल तर दिवाळीची घाई करू नका. भिंत आधी नीट वाळू द्या, डिसेंबर उजाडला तरी चालेल. चुना काही आठवडे पाण्याखाली मुरवा, जुनी पुट्टी काढून टाका, भिंतीवर पाणी शिंपडा आणि पातळ हात द्या, तीन किंवा चार. पहिला हात ओला असताना पाण्यासारखा पारदर्शक दिसतो आणि रंगारी म्हणतो, "ताई, घट्ट करू का?" करू देऊ नका. वाळल्यावर तो पांढरा होतो.